परदेशी सहलीचा खर्च : रोकड किती, कार्ड किती?

एक काळ असा होता की आपल्या समाजातील माणूस परदेशी निघाला म्हणजे एक तर तो हजला निघालेला असे, नाही तर आखाती देशात नोकरीला. आता तसे राहिलेले नाही. मे महिन्याची सुट्टी लागली की मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीसारख्या कापडाच्या गावांतूनही मुलाबाळांसह आठ-दहा दिवस दुबईला जाणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. वर्षभर मागाच्या खडखडाटात राबणाऱ्या माणसाने आठ दिवस घरच्यांना घेऊन बाहेर पडावे, यात गैर काही नाही.

परंतु तिकीट झाले, व्हिसा आला, कपडे शिवून झाले की शेवटच्या दोन दिवसांत एकच प्रश्न उभा राहतो, "पैसे कसे न्यायचे?" आमच्या दुकानात कापड घ्यायला येणारे निदान दहा-बारा जण दरवर्षी हा प्रश्न विचारतात. आम्ही काही बँकेचे माणूस नव्हे. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि पुढचे सर्व गल्ल्यावर बसून. पण मालाच्या निमित्ताने आणि पुढे कुटुंबासह दुबईला आमचे बऱ्याच वेळा जाणे झाले. तिथे जे शिकलो त्यातले बरेचसे नुकसान सोसून शिकलो. ते नुकसान वाचकांनी पुन्हा सोसू नये, म्हणून हा लेख.

जेव्हा दुबईत आपला रुपया चालत होता

आजच्या तरुणांना सांगितले तर खरे वाटत नाही, पण एकेकाळी दुबईला जाणाऱ्याला पैसे बदलण्याची गरजच नव्हती. आखातातील कुवेत, बहारीन, कतार, दुबई, अबुधाबी येथील बाजारात भारताचाच रुपया चालत असे. मात्र सोन्याच्या चोरट्या व्यापारासाठी रुपये तिकडे जाऊ लागले आणि ते परत आले की आपल्या सरकारला त्यांच्या बदल्यात परकीय चलन द्यावे लागे. म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. त्यांना गल्फ रुपया म्हणत. त्याच वर्षी हज यात्रेकरूंसाठीही १० आणि १०० रुपयांच्या वेगळ्या नोटा निघाल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'एच.ए.' ही अक्षरे असत.

पुढे कुवेतने १९६१ मध्ये व बहारीनने १९६५ मध्ये आपला दिनार काढला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, तेव्हा बाकीच्यांनीही रुपया सोडण्याची वाट धरली. दुबईत काही वर्षे कतार-दुबई रियाल चालला आणि १९७३ मध्ये अमिरातीचा दिरहम आला. १९९७ पासून हा दिरहम डॉलरला पक्का बांधलेला आहे : एका डॉलरला ३.६७२५ दिरहम.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. दिरहम डॉलरला बांधलेला असल्यामुळे आपल्याला दुकानदाराचा भाव तपासण्याची एक सोपी कसोटी मिळते. मनी चेंजरला आधी डॉलरचा विक्रीचा भाव विचारा. त्याला ३.६७ ने भागा. समजा डॉलर ९१ रुपये ७५ पैसे सांगितला, तर दिरहम बरोबर २५ रुपयांच्या आसपास पडला पाहिजे. तोच चेंजर दिरहमचे २६ रुपये मागत असेल तर दिरहमवर त्याने नफा जास्त लावला आहे हे समजावे. ६,००० दिरहम घ्यायचे असतील तर हा एक रुपया म्हणजे ६,००० रुपयांचा फरक. आपण कापडात मीटरमागे चार आण्यांसाठी अर्धा तास घासाघीस करतो आणि इथे मात्र सांगेल तो भाव मुकाट्याने देतो!

आमच्यावर गुदरलेले दोन प्रसंग

पहिला प्रसंग २०१७ सालचा. आम्ही सहा जण होतो. घरातला मोठा म्हणून सगळ्यांचे दिरहम आमच्याकडे, एकाच चामडी पाकिटात. पासपोर्टही त्यातच. देऱ्यातून हॉटेलवर परतताना ते पाकीट टॅक्सीच्या मागच्या सीटवर राहिले. हे लक्षात आले ते खोलीचे दार उघडल्यावर. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, लहान मुले भुकेली आणि खिशात एक दिरहम नाही! बरदुबईत आमच्या ओळखीचे एक कापडवाले आहेत. त्यांनी त्याच रात्री येऊन १,००० दिरहम हातात ठेवले. टॅक्सीची पावती जवळ होती, तिच्यावरून गाडीचा शोध लागला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाकीट जसेच्या तसे परत मिळाले. टॅक्सीवाला पेशावरकडचा होता. बक्षीस द्यायला गेलो तर घेईना.

अल्लाहची मेहरबानी म्हणून पाकीट मिळाले, पण त्यामुळे आमची व्यवस्था शहाणपणाची होती असे होत नाही. त्या रात्री आमच्या घरच्यांनी सुनावले ते आजही आठवते. त्या म्हणाल्या, "दुकानात उधारी एका गिऱ्हाइकावर ठेवत नाही म्हणता, आणि सहा माणसांचा जीव एका पाकिटात ठेवला?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसरा प्रसंग २०२२ सालचा. या वेळी शहाणे झालो असे समजून रोकड थोडी घेतली आणि बँकेचे डेबिट कार्ड खिशात टाकले. हॉटेलवाल्याने अनामतीसाठी कार्ड मागितले, आम्ही दिले आणि मशीनने नकार दिला. दुसऱ्यांदा नकार. तिसऱ्यांदाही नकार. खात्यात पैसे होते, मग झाले काय? नंतर कळले की रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार कार्ड दिले जाते ते फक्त देशातल्या एटीएम व दुकानांतील वापरासाठी. परदेशातील वापर खातेदाराने स्वतः चालू करावा लागतो. मोबाइलवरून तो दोन मिनिटांत चालू होतो खरा, पण त्यासाठी बँकेचा संदेश आपल्या नंबरवर यावा लागतो आणि आम्ही रोमिंग घेतलेच नव्हते. शेवटी होती ती रोकड अनामत म्हणून ठेवली आणि दोन दिवस हात आखडून काढले.

या दोन प्रसंगांतून आम्ही काय शिकलो? सगळी रोकड हा एक टोकाचा मार्ग, सगळे कार्ड हा दुसऱ्या टोकाचा. शहाणपण मधल्या मार्गात आहे. आता एकेक साधन तपासून पाहू.

आधी खर्चाची यादी, मग पैशाची व्यवस्था

किती न्यायचे हे ठरल्याशिवाय कसे न्यायचे हे ठरत नाही. तिकीट, व्हिसा, हॉटेल आणि मोठ्या ठिकाणांची प्रवेशतिकिटे यांचे पैसे बहुधा इथूनच रुपयांत भरलेले असतात. ते यादीतून वगळा. उरते ते जेवण, टॅक्सी-मेट्रो, किरकोळ तिकिटे, नातेवाइकांसाठी भेटवस्तू आणि आजारपणाची तरतूद.

काही खर्च लोक हमखास विसरतात. दुबईत हॉटेलवाले दर खोलीमागे दर रात्रीचा 'टुरिझम दिरहम' वेगळा घेतात. हॉटेलच्या दर्जाप्रमाणे तो ७ ते २० दिरहम असतो. हॉटेलची अनामत वेगळी. ती परत मिळते, पण तेवढे दिवस अडकून पडते. मेट्रोला नोल कार्ड लागते, फाटकावर रोख चालत नाही. उलट खाडी ओलांडणारी जुनी लाकडी अब्रा नाव एका दिरहमात नेते आणि तिथे नाणेच लागते. थोडक्यात, त्या शहरात काही ठिकाणी रोकड लागते, तर काही ठिकाणी कार्ड लागते.

नोटा

रोख नोटांना अजूनही तोड नाही. कापड बाजारात, सोन्याच्या सूकमध्ये, छोट्या उपाहारगृहात भाव करायचा असेल तर रोकड हातात असलेला माणूस वरचढ ठरतो. रोकडीला मशीन लागत नाही, संदेश लागत नाही. दोष एकच, पण मोठा : हरवली की गेली.

नियम असे आहेत. दर माणशी दर फेरीला ३,००० डॉलरपर्यंतचेच परकीय चलन नोटांच्या रूपात मिळते. दिरहममध्ये हे सुमारे ११,००० होतात. त्यावरची रक्कम कार्डासारख्या साधनात घ्यावी लागते. इराक, इराणसारख्या काही देशांसाठी आणि हज-उमरा यात्रेकरूंसाठी नियम वेगळे व अधिक सैल आहेत. सहलीला निघालेल्याने मात्र ३,००० हा आकडा लक्षात ठेवावा. कुटुंबाच्या सहलीला तो पुरून उरतो.

दुसरा नियम आपल्या व्यापारी बंधूंना जास्त अडचणीचा वाटतो. चलन घेताना रुपये रोख द्यायचे असतील तर मर्यादा ५०,००० रुपयांची आहे. त्यावरची खरेदी चेकने, कार्डाने किंवा खात्यातून बँकेमार्फतच करावी लागते. काही जण सल्ला देतात की आज ४०,००० चे घ्या, परवा ४०,००० चे घ्या. हा सल्ला चुकीचा आहे. एकाच प्रवासासाठी केलेल्या सर्व खरेद्या एकत्र धरल्या जातात. मागाचा धंदा रोकडीचा असला तरी हे पैसे खात्यातूनच जाऊ द्यावेत. पुढे कोणी विचारले तर उत्तर कागदावर तयार असते.

चलन रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेकडून किंवा मनी चेंजरकडूनच घ्यावे. पासपोर्ट, पॅन, व्हिसा व तिकीट दाखवावे लागते. पक्की पावती घ्यावी. चलन बदलण्यावर जीएसटी असतो, पण तो थोडा. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेच्या एक टक्का हे सेवेचे मूल्य धरतात (कमीत कमी २५० रुपये) आणि त्यावर १८ टक्के कर. म्हणजे ५०,००० वर ९० रुपये, एक लाखावर १८० रुपये. खरा खर्च करात नसून भावात दडलेला असतो. म्हणून तीन ठिकाणी विचारावे आणि प्रश्न एकच ठेवावा : "सगळे धरून २,००० दिरहमला मी किती रुपये द्यायचे?" कमिशन नाही असे सांगणारा भावात कमिशन लावतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. विमानतळावरच्या खिडकीवर बहुतेक वेळा भाव सर्वांत महाग पडतो. तिथे अडल्या वेळेपुरतेच जावे.

नोटा घेताना १०, २०, ५० आणि १०० च्या मागाव्यात. ५०० किंवा १,००० ची नोट घेऊन पहाटे टॅक्सीत बसलात तर सुट्ट्यांसाठी वाद होतो.

आपले रुपये तसेच नेऊन तिथे बदलावेत काय? दर माणशी २५,००० रुपयांपर्यंत नेण्यास परवानगी आहे. परतल्यावर विमानतळाबाहेर रिक्षा-जेवणाला लागतील इतके जवळ ठेवावेत, पण सहलीचा मुख्य खर्च त्यावर अवलंबून ठेवू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० व १,००० च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा दुबईतील आपल्या किती भावांच्या कपाटात नोटा पडून राहिल्या हे आठवावे.

फॉरेक्स कार्ड

पूर्वी ट्रॅव्हलर्स चेक असत. आता ते जवळपास इतिहासजमा झाले आहेत. त्यांची जागा फॉरेक्स कार्डाने घेतली आहे. बँक किंवा मनी चेंजर आपल्याकडून रुपये घेऊन कार्डात दिरहम भरून देतो. भाव भरतानाच ठरतो, पुढे रुपया घसरला तरी फिकीर नाही. कार्ड हरवले तर फोन करून बंद करता येते आणि आत असलेली रक्कम शाबूत राहते. आपल्या मुख्य बँक खात्याशी त्याचा संबंध नसतो, म्हणून फसवणूक झाली तरी नुकसान कार्डातल्या रकमेपुरतेच.

तीन गोष्टी पाहाव्यात. एक, कार्डात दिरहमच भरावेत. डॉलर भरून दिरहममध्ये खर्च केला तर दर व्यवहाराला दुसऱ्यांदा बदलाई कापली जाते. ती तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. दोन, एटीएममधून पैसे काढण्याची फी दर वेळी लागते, म्हणून दहा वेळा थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढावे. तीन, परतल्यावर उरलेली रक्कम परत मागावी. कार्ड कपाटात पडून राहिले तर काही कंपन्या वापर नसल्याबद्दलही पैसे कापतात.

आपले नेहमीचे डेबिट आणि क्रेडिट कार्ड

ही कार्डे चालतात, पण महाग पडतात. बहुतेक बँका परदेशातील खर्चावर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लावतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. हिशेब करून पाहा : एक लाख रुपयांच्या खर्चावर ३.५ टक्के म्हणजे ३,५०० रुपये, त्यावर जीएसटी ६३०, एकूण ४,१३०. एवढ्यात घरच्या दोघा-तिघांचे ईदचे कपडे होतात. काही कार्डांवर हा मार्कअप कमी किंवा शून्य असतो. आपले कार्ड कोणते, हे जाण्यापूर्वी बँकेला विचारावे.

क्रेडिट कार्डाचा एक उपयोग मात्र खरा आहे, हॉटेलच्या अनामतीसाठी. अनामत फॉरेक्स कार्डावर रोखली गेली तर आपलीच खर्चाची रक्कम अडकते आणि हॉटेल सोडल्यावरही मोकळी व्हायला काही दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्डावर रोखली तर खिशातला पैसा मोकळा राहतो. पण या कार्डाने एटीएममधून रोख काढू नये. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होते. आपल्याला व्याजापासून दूर राहायचे आहे आणि निव्वळ व्यवहार पाहिला तरी हा तोट्याचाच सौदा आहे. ज्याला बिल मुदतीत पूर्ण भरण्याची सवय नाही, त्याने हे कार्ड नेऊच नये, अनामतीची रोकड वेगळी काढून ठेवावी.

'रुपयांत की दिरहममध्ये?'

मॉलमध्ये कार्ड दिले की कधी कधी मशीनवर प्रश्न येतो : रक्कम रुपयांत घ्यावी की दिरहममध्ये? आपला माणूस रुपया पाहून खूश होतो आणि रुपयांचे बटण दाबतो. हीच चूक. रुपयांत घेतले की बदलाईचा भाव त्या मशीनमागची कंपनी लावते आणि तो आपल्या बँकेच्या भावापेक्षा बहुतेक वेळा महाग असतो. समोर आकडा ओळखीचा दिसतो, पण त्या ओळखीची किंमत आपण मोजतो. नेहमी दिरहमच निवडावे. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथेही हेच उत्तर. मुलांना, विशेषतः कार्ड ज्यांच्या हातात असते त्या तरुणांना, हे निघण्यापूर्वीच समजावून सांगावे.

यूपीआयबद्दलही विचारणा होते. दुबईतील काही दुकानांत आता भारतीय यूपीआयने पैसे देता येतात. त्यासाठी अॅपमध्ये परदेशी वापर चालू करावा लागतो व बदलाईचा खर्च पडतो. असेल तिथे वापरावे, पण त्याच्या भरवशावर घर सोडू नये.

'इथे द्या, तिथे घ्या' या मार्गाबद्दल

ज्या गोष्टीबद्दल आपल्या बाजारात सगळे जाणतात आणि कोणी बोलत नाही, तिच्याबद्दल आम्ही स्पष्ट बोलणार आहोत. "इथे रुपये द्या, तिथे आमचा माणूस दिरहम देईल, भावही चांगला" असे सांगणारे भेटतात. हा हवाला आहे आणि तो कायद्याविरुद्ध आहे. १९७३ चा फेरा कायदा जाऊन १ जून २००० पासून फेमा कायदा आला, म्हणून काही जणांना वाटते की आता चालते. चालत नाही. फेमाखाली व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय तो पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे आपल्याला ठाऊक नसते. दुसऱ्याच्या काळ्या कामात आपले नाव आले तर वकिलाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात आणि वर्षानुवर्षे कमावलेली पत एका दिवसात जाते. दिरहममागे आठ आणे वाचवण्यासाठी एवढा धोका कोणता शहाणा व्यापारी पत्करेल?

तसेच सहलीच्या पैशातून धंद्याचा माल विकत घेऊन बॅगेत भरून आणू नये. नमुन्याचे दोन तुकडे वेगळे, विक्रीचे थान वेगळे. धंद्याच्या आयातीचे पैसे बँकेमार्फत जावेत. बॅगेची सूट ही स्वतःच्या व घरच्या वापराच्या वस्तूंसाठी आहे.

आमचा आजचा हिशेब

आता आम्ही कसे करतो ते सांगतो. पाच माणसे, सहा रात्री, हॉटेल-तिकिटे आधीच भरलेली. वरखर्चाला ६,००० दिरहम धरले. हिशेब सोपा जावा म्हणून २५ चा भाव धरू, म्हणजे दीड लाख रुपये.

यातले २,००० दिरहम रोख. ते एका खिशात नाहीत. ८०० आमच्याकडे, ८०० घरच्यांकडे आणि ४०० मोठ्या मुलाकडे. घरच्यांकडच्या ८०० पैकी ३०० पर्सच्या अस्तरात शिवलेले असतात. ते विमानात बसेपर्यंत उसवायचे नाहीत, असा आमच्याकडे नियमच आहे. उरलेले ४,००० फॉरेक्स कार्डात. त्याचे जोड कार्ड मिळत असेल तर घ्यावे आणि ते दुसऱ्या माणसाजवळ, दुसऱ्या बॅगेत ठेवावे. तिसरे म्हणजे एक क्रेडिट कार्ड, फक्त अनामत आणि दवाखान्याची वेळ आली तर. सर्व पैसे बँक खात्यातून दिलेले, सर्व पावत्या एका पाकिटात.

घरातील प्रत्येक मोठ्या माणसाकडे पैसा असावा, हे आम्ही मुद्दाम सांगतो. मॉलमध्ये चुकामूक झाली तर टॅक्सीपुरते दिरहम बाईच्या पर्समध्ये असलेच पाहिजेत. पैसा म्हणजे पुरुषाचेच काम, ही समजूत परदेशात महाग पडते. आमच्या घरी रोजच्या खर्चाची वही आता घरच्याच ठेवतात आणि तेव्हापासून हिशेब दिरहमपर्यंत जुळतो.

निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

निघण्यापूर्वी कार्डाचा परदेशी वापर चालू करून त्याची मर्यादा ठरवावी. ज्या नंबरवर बँकेचे संदेश येतात, त्यावर निदान एक छोटे रोमिंग पॅक असावे. बँकेचा मदत क्रमांक मोबाइलमध्ये तर ठेवावाच, पण कागदावरही लिहून ठेवावा. मोबाइल चोरीला गेला तर त्यातला नंबर काय कामाचा? पासपोर्ट आणि पैसा एका जागी ठेवू नये.

टीसीएसचा बागुलबुवा बऱ्याच जणांना वाटतो. १ एप्रिल २०२५ पासून सहलीसाठी घेतलेल्या चलनावर एका आर्थिक वर्षात दर माणशी १० लाख रुपयांपर्यंत हा कर कापला जात नाही. आपल्यासारख्यांची सहल तिथवर पोहोचत नाही. मात्र टूर कंपनीकडून संपूर्ण पॅकेज घेतले तर त्याचा टीसीएस वेगळा असतो. पैसे भरण्यापूर्वी दर विचारावा आणि पावती जपावी. ही रक्कम बुडत नाही, आयकर विवरणात वळती होते किंवा परत मिळते. विवरण न भरणाऱ्याची मात्र ती अडकते.

दुबईत १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आहे. योजनेतील दुकानात २५० दिरहम किंवा अधिकची खरेदी केली तर पर्यटकाला तो काही रक्कम कापून परत मिळतो. बिल करतानाच पासपोर्ट दाखवून तसे सांगावे लागते, विमानतळावर आठवून उपयोग नाही.

सोन्याबाबत एक इशारा. दागिने विनाशुल्क आणण्याची सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यासाठी आहे, आठ दिवसांच्या पाहुण्यासाठी नाही. बांगड्या हातात घातल्या म्हणून त्या सुटत नाहीत. हिशेबात कस्टमची ड्युटी धरूनच सोने स्वस्त की महाग ते ठरवावे.

परतल्यावर उरलेल्या चलनापैकी २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. त्यावरचे १८० दिवसांच्या आत बँकेला किंवा मनी चेंजरला परत विकावे लागते. नाण्यांना मर्यादा नाही, पण नाणी इथे कोणी बदलूनही देत नाही. ती तिथेच नोल कार्डात भरून, अब्रेत किंवा चहात संपवावीत.

वाचक बंधूंनो, या सगळ्याचे सार थोडक्यात सांगायचे तर रोकड एक-तृतीयांश, फॉरेक्स कार्ड दोन-तृतीयांश, अडचणीसाठी एक वेगळे साधन आणि काहीही एका जागी नाही. ही वाटणी प्रत्येकाने आपल्या खर्चाप्रमाणे कमी-जास्त करावी. बाजारहाट जास्त असेल तर रोकड वाढवावी, मॉल-हॉटेल जास्त असेल तर कार्ड. पण हिशेब घर सोडण्यापूर्वी बसून करावा आणि बसताना घरच्यांनाही बरोबर घ्यावे. तो पैसा मागाच्या आणि दुकानाच्या मेहनतीचा आहे आणि मुलांच्या तोंडी लागणारा घासही त्यातूनच येणार आहे. २०१७ च्या त्या रात्री आमची नातवंडे उपाशीपोटी झोपली असती, तर दुबईची कोणतीही उंच इमारत आम्हाला तो दिवस विसरायला लावू शकली नसती. आपल्यावर तशी वेळ न येवो. सहल सुखाची होवो आणि हिशेब चोख राहो.